गाडी मागे घेताना वाजणारी धून बंद करावी का?

खटपट्या
नमस्कार मंडळी,
इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या मल्टीच्या (म्हणजे फ्लॅटच्या इमारतीच्या) मीटिंगमध्ये यंदा पाण्याच्या टँकरपेक्षा जास्त भांडण झालं ते गाड्यांच्या रिव्हर्सच्या धुनीवरून. पार्किंग तळमजल्यावर आहे आणि आत गाडी वळवायला जागा नाही. त्यामुळे सकाळी साडेपाचपासून एकेक गाडी मागे येत गेटाबाहेर पडते. कुणाची सनई वाजते, कुणाची इंग्रजी बाई ‘अटेन्शन प्लीज’ म्हणते, एकाने तर चक्क आरती लावली आहे.
दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ठराव मांडला की सगळ्या धुनी काढून टाका. त्यावर एक काका उसळले, "गेटाशी पोरं खेळतात, म्हातारी माणसं फिरतात, त्यांना कळणार कसं?" दोघांनाही टाळ्या पडल्या आणि निर्णय पुढच्या रविवारवर गेला.
माझा कल काकूंकडे आहे, पण काकांच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागेल. धुनीने अपघात खरंच टळतात का? तुमच्याकडे काय करतात? अनुभव लिहा. टिंगलही चालेल, पण निदान एक ओळ मुद्द्याची हवी.

पोहे_जलेबी
पहिला! शेव घेऊन बसलोय. मुद्द्याची ओळ: आरतीवाल्याचा फ्लॅट नंबर द्या, प्रसादाला येतो.

लष्करवाली
ग्वाल्हेरहून हजेरी. इकडे दौलतगंजात रिव्हर्सची धून, समोरच्याचा हॉर्न आणि भाजीवाल्याचा भोंगा एकदम वाजतात. मागे कोण येतंय ते आवाजावरून कुण्णालाही कळत नाही. काकूंना अनुमोदन.

सुलभा_सुदामानगर
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. आमच्या गल्लीतला अनुभव सांगते. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत आली की पोरं बादली घेऊन धावत बाहेर येतात. ते गाणं बोलवण्यासाठीच आहे. आमची गल्ली पुढे बंद आहे, त्यामुळे तीच गाडी मागे मागे जाते तेव्हाही गाणं चालूच असतं. गाडीवरचा मदतनीस खाली उतरून मागे उभा राहतो म्हणून निभावतं.
आता घरच्या गाड्यांच्या धुनी बघा. शेजारच्यांच्या गाडीची धून लागली की माझा नातू नाचत गेटाकडे पळतो. त्याला ती धून म्हणजे ‘पप्पा निघाले, टाटा करायचं’ एवढंच. ज्या आवाजाने पोर लांब जायला हवं त्याच आवाजाने ते जवळ येतं, आणि ते बंपरच्या उंचीपेक्षा जेमतेम वर. बोला!

गिअरबदलू
सुलभाताई, पटलं. पण म्हणून आवाजच नको? काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं. बिचारा ड्रायव्हर काय काय बघणार?

माळवी_वकील
‘बिचारा ड्रायव्हर’ला माझी हरकत आहे.
१९८९ च्या रस्ता नियमांत स्पष्ट होतं की मागे जाण्याने कुणाला धोका वा विनाकारण अडचण होणार नाही, याची आधी स्वतः खात्री केल्याशिवाय गाडी मागे न्यायची नाही. आणि गाडी वळवायला लागेल त्याहून जास्त अंतर न्यायची नाही. २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले, पण जबाबदारी काही मागे उभ्या असलेल्या माणसावर ढकललेली नाही. धून लावणारा मात्र नेमकं तेच करतो. "मी वाजवलं होतं, तुम्ही हटायला हवं होतं."
आणखी दोन गोष्टी काकूंना सांगा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम एकामागून एक वेगळे सूर काढणारा हॉर्न गाडीवर लावू देत नाही, कर्कश आवाजाचं साधनही नाही. रिव्हर्सची धून म्हणजे हॉर्न नव्हे असा युक्तिवाद होऊ शकतो. मी तरी अशिलाला तो करायला सांगणार नाही. दुसरं, ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तिथली रात्र दहा ते सहा. साडेपाचची सनई रात्रीतच मोजली जाते.

पोहे_जलेबी
वकीलसाहेब, फी किती झाली?

माळवी_वकील
छप्पन दुकानवर एक शिकंजी.

पाना_स्क्रू
माझं गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं काम आहे, धुनीपण मीच लावून देतो, त्यामुळे शिव्या घालायच्या आधी वाचा.
लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. बाहेर वाजते ती धून मागच्या माणसासाठी. आत टीं-टीं होतं ते सेन्सरचं, ड्रायव्हरसाठी. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या सगळ्या नव्या कारना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, ते हे दुसरं. एअरबॅग, सीटबेल्टची आठवण आणि वेगाचा इशारा त्याच वेळी आले. म्हणजे नव्या गाडीत ड्रायव्हरला कळवायची सोय आधीच आहे. वर हजारभर रुपयांची धून लोक हौसेने लावतात.
आता सेन्सरचं. बंपरवर त्या गोल टिकल्या दिसतात, त्या साधारण ४० किलोहर्ट्झचा, आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतात आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात. बहुतेकांचा पल्ला दीड-दोन मीटर. भिंत, गाडी, उभा माणूस नीट दिसतो. बारीक खांब, जाळी, बंपरच्या खाली असलेला दगड किंवा पसरून बसलेला कुत्रा निसटू शकतो. मऊ कपडा आवाज शोषतो. ट्रकमधून मागे आलेल्या सळया टिकल्यांच्या रेषेच्या वर असतात, त्या तर काचेतून थेट आत येईपर्यंत सेन्सर गप्प.
बसवण्यातही गंमत आहे. टिकलीच्या मागे बाण असतो, तो वरच हवा. काही ठिकाणी घाईत उलटी बसवतात, मग ती जमिनीलाच अडथळा समजून सारखी ओरडते. गिऱ्हाईक वैतागून वायरच काढून टाकतं. माझ्याकडे अशा गाड्या येतात. टिकली काढायची, अर्धा फेरा फिरवायची, परत दाबायची. पाच मिनिटांचं काम.
आणि आता तो हिशेब, जो मी प्रत्येकाला काउंटरवर करून दाखवतो. तासाला ५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १.४ मीटर. टीं ऐकून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा. सेन्सरचा पल्ला दीड मीटर असेल तर पाय पोचेपर्यंत तो संपतच आला, गाडी थांबायची अजून बाकीच आहे. चालत्या माणसाच्या वेगानेच ही गत. म्हणून रिव्हर्स ॲक्सिलरेटरवर घ्यायचाच नाही. हाफ क्लच आणि ब्रेक, बस. ऑटोमॅटिकमध्ये नुसता ब्रेक सोडत सोडत.

गिअरबदलू
हा हिशेब कुणी शिकवलाच नव्हता! ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फक्त ‘काट, काट, पूर्ण काट, आता सरळ कर’.

तीनशेसाठ
सेन्सर, धून सगळं जुनं झालं. माझ्या गाडीला चारी बाजूंनी कॅमेरे आहेत, वरून बघितल्यासारखी गाडी दिसते. मी मान वळवणं सोडून दिलं आहे. टेक्नॉलॉजी घ्या, वाद मिटवा.

सुलभा_सुदामानगर
मान वळवणं सोडलंत? आमच्या गल्लीत येऊ नका हो.

विजयनगरचा_विज्ञानी
@तीनशेसाठ, कॅमेरा उपयोगाचा आहेच. अमेरिकेत २००८ मध्ये कायदा झाला आणि मे २०१८ पासून प्रत्येक नव्या छोट्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. गाडीमागचा १० फूट रुंद आणि २० फूट लांब पट्टा त्यात दिसलाच पाहिजे. नियम करताना तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने आकडा दिला होता, की मागे येणाऱ्या गाडीखाली वर्षाला सरासरी २१० मृत्यू आणि १५ हजार जखमी. मृतांत ३१ टक्के पाच वर्षांखालची मुलं आणि २६ टक्के सत्तरीपुढचे लोक. म्हणजे खटपट्या, तुमच्या काकांची काळजी अगदी बरोबर आहे. पोरं आणि म्हातारेच. उपाय तेवढा चुकतोय.
पण कॅमेऱ्याने किती फरक पडतो? तिथल्याच विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने पोलिसांत नोंदलेले रिव्हर्सचे अपघात तपासले. नुसत्या कॅमेऱ्याने ते १७ टक्के घटले. सेन्सर आणि गाडी आपोआप ब्रेक मारते ती प्रणाली सोबत असेल तर ७८ टक्के. या दोन आकड्यांमधली दरी बघा. चित्र दिसत होतं, पण बघणारा बघत नव्हता किंवा पाय वेळेवर पडला नाही. कॅमेऱ्याची भिंग रुंद असते, त्यामुळे माणूस आहे त्यापेक्षा लांब वाटतो. पावसाळ्यात भिंगावर चिखल. आणि बाजूने धावत येणारं पोर चौकटीत शिरतं तेव्हा उशीर झालेला असतो.
एरवी आपल्या पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगाचा गोल ट्रॅक आहे. मला तिथे बक्षी गल्लीची प्रतिकृती हवी आहे. दोन्ही बाजूंना स्कूटर, मध्ये गाय, आणि घ्या म्हणावं गाडी मागे.

पोहे_जलेबी
गाय हजर असली पाहिजे. प्रतिसादावर मोहोर.

लोहामंडीकर
सगळं मशीनवर चाललंय म्हणून लिहितो. भिया, आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा. आयशरला आणि ट्रेलरला मागे घेताना आरशात दिसतं ते फक्त बाजूचं, थेट मागचं शून्य. तिथे एकच गोष्ट चालते, क्लीनर. तोही कसाही नाही.
वडिलांनी घालून दिलेली शिस्त अशी. क्लीनर ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात दिसेल असाच उभा राहणार. गाडीच्या बरोब्बर मागे कधीच नाही, भिंत आणि गाडी यांच्या मध्ये तर नाहीच नाही. आरशातून दिसेनासा झाला की ड्रायव्हरने त्याच क्षणी थांबायचं, तो कुठे गेला याचा अंदाज लावत बसायचं नाही. बॉडीवर दोन थापा म्हणजे येऊ दे, एक थाप म्हणजे थांब. आणि ‘थांब’ कुणीही म्हणो, हमाल, रिक्षावाला, रस्त्यावरचं पोर, थांबायचंच. ‘येऊ दे’ मात्र एकाच माणसाचं ऐकायचं.
घोळ कुठे होतो सांगू? लग्नघरी. एक गाडी मागे घ्यायची आणि सात जण मागे. मामा म्हणतात येऊ द्या, साडू म्हणतो डावीकडे काटा, कुणी नुसताच हात हलवतो, तो येऊ द्या म्हणतोय की बाय करतोय देव जाणे. अशा वेळी आमचा जुना ड्रायव्हर सरळ हँडब्रेक ओढून खाली उतरायचा, गाडीला एक फेरी मारायचा, मग सगळ्यांना बाजूला करून एकाला उभा करायचा. वरपक्षाला राग यायचा. येऊ दे म्हणायचा.

विजयनगरचा_विज्ञानी
लोहामंडीकर, तुमच्या वडिलांना नमस्कार. ब्रिटनच्या कामगार सुरक्षा खात्याचं म्हणणं आहे की कामाच्या ठिकाणी वाहनांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ चौथा हिस्सा रिव्हर्समध्ये होतो. त्यांचा पहिला सल्ला असा, की जागाच अशी आखा की गाडीला मागे यायची गरज पडू नये. इशारे, कॅमेरे आणि माणूस उभा करणं नंतर. इशारा देणाऱ्याबद्दलचे त्यांचे नियम तुम्ही लिहिलेत तसेच आहेत, फक्त साडू नाहीत.

मिलकामगाराचा_नातू
रिव्हर्सचा विषय आणि अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्या (चित्ररथ) कुणालाच आठवल्या नाहीत? शेम शेम. मिलच्या झांकीची ट्रॉली, वर फिरते देखावे, जनरेटर, लाइटच्या माळा, आणि रात्री गर्दीत वळणावर ट्रॉली अडकली की थोडी मागे घ्यायची! ट्रॅक्टरला ट्रॉली जोडलेली असली की स्टिअरिंग उलटं चालतं. ट्रॉली डावीकडे न्यायची तर आधी उजवीकडे फिरवायचं. जरा जास्त झालं की ट्रॉली आणि ट्रॅक्टर चाकूसारखे मिटतात. आजोबा सांगायचे, झांकी बनवणाऱ्याइतकाच मान ती वळवणाऱ्याला असायचा.

लष्करवाली
धागा झांकीच्या मागे निघाला. कुणीतरी एक थाप मारा.

खटपट्या
एक थाप. :) प्रतिसाद भारी येताहेत. पण मला रविवारी मीटिंगमध्ये सांगायला हवं, की धून नको तर काय? काकांचा मुद्दा तसाच राहतोय. मागच्या माणसाला काहीतरी कळायला हवंच ना?

विजयनगरचा_विज्ञानी
कळायला हवं, आणि पांढरा दिवा त्यासाठीच आहे. रिव्हर्स गिअर पडला की तो आपोआप लागतो. आधी सगळ्यांचे दिवे चालू आहेत का बघा, मल्टीत निम्मे उडालेले निघतील.
आवाजच हवा असेल तर थोडं कानाचं शास्त्र. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांपर्यंत पोचण्याच्या वेळेतल्या आणि जोरातल्या फरकावरून ओळखतो. ट्रकच्या रिव्हर्सचा तो एकसुरी ‘पीं पीं’ एकाच वारंवारतेचा असतो, शिवाय भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे दिशा लागत नाही. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये तर मुळीच नाही. माणूस वळून चुकीकडे बघतो. म्हणून आता ‘खस्स खस्स’ असा अनेक वारंवारतांचा मिश्र आवाज काढणारे भोंगे निघालेत. तो कुठून येतोय ते लगेच कळतं आणि लांब गेल्यावर पटकन विरतो, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची झोप वाचू शकते. ट्रक आणि जेसीबीला उत्तम. घरच्या कारला गरज आहे असं मला वाटत नाही.
इलेक्ट्रिक गाड्यांचं वेगळं. त्या मुक्यानेच मागे येतात. संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमात त्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत आणि रिव्हर्समध्ये आवाज सक्तीचा केला आहे. तिथे आवाजाला माझा पाठिंबा.

बहिरी_ससाणी
वय ७४, एका कानाला यंत्र. ज्या म्हाताऱ्यांच्या नावाने काका धून मागताहेत त्यांच्यापैकी मी एक. मला तुमची सनईही ऐकू येत नाही आणि खस्स खस्सही येणार नाही. यंत्र लावलं तर सगळे आवाज एकाच बाजूने आल्यासारखे वाटतात. मला दिवा दिसतो, आणि ड्रायव्हरचं तोंड दिसलं तर फार बरं वाटतं. गाडीचा पार्श्वभाग बघून काही कळत नाही बाई. तोंड पुढे करून बाहेर या की सगळे!

पाना_स्क्रू
आजींनी माझं वाक्य पळवलं. गाडी लावतानाच मागे घेऊन लावायची, निघताना नाकासमोर निघायचं. घरी परत आल्यावर रस्ता नुकताच बघितलेला असतो, जागा रिकामी आहे हे समोर दिसलेलं असतं. सकाळी घाईत, काचेवर दव, कानाला फोन, अशा वेळी आंधळेपणाने रस्त्यावर मागे यायचं नाही. माझा धंदा बुडाला तरी चालेल.

गिअरबदलू
वाचायला छान. प्रत्यक्षात संध्याकाळी गेटात मी रिव्हर्स टाकला की मागचा स्कूटरवाला बंपरला चिकटतो आणि हॉर्न. दुसरा बाजूच्या फटीतून घुसतो. तिसरा म्हणतो, "अंकल, सीधी लगा दो ना." पांढरा दिवा लागलेल्या गाडीमागून जायचं नसतं हे दुचाकीवाल्यांना कोण शिकवणार?

तीनशेसाठ
यासाठीच मागच्या बंपरच्या कोपऱ्यात रडार असतात, आडव्या रहदारीचा इशारा देतात. आहे माझ्याकडे.

गिअरबदलू
आणि तो दिवसभर ओरडत असेल.

तीनशेसाठ
राजवाड्याला गेलो की बंद करतो.

पोहे_जलेबी
मुद्द्याची ओळ मिळाली. मंडळ आभारी आहे.

सुलभा_सुदामानगर
गिअरबदलूंची अडचण खरी आहे, पण रस्त्यावर. मल्टीच्या गेटात तर सगळे घरचेच. तिथे ठरवता येईल. आणि घरच्यांसाठी एक: गाडी सुरू करायच्या आधी पोर कुठे आहे ते बघायचं असं नाही, पोर कुणाच्या हातात आहे ते विचारायचं. आमच्याकडे सून किल्लीच देत नाही नातू कडेवर असल्याशिवाय.

खटपट्या
रविवारचा ठराव असा लिहिलाय, सुचवण्या द्या:
बाहेर वाजणाऱ्या धुनी काढायच्या, आतले सेन्सर राहू द्यायचे. गाड्या मागे घेऊनच लावायच्या. पहिला महिना कुणाला जमत नसेल तर वॉचमन दादा आरशात दिसेल असा उभा राहील. रिव्हर्सचे दिवे महिन्याभरात दुरुस्त. गेटाशी खांबावर मोठा बहिर्गोल आरसा. मुलांचं क्रिकेट गेटावरून मागच्या मोकळ्या पट्ट्यात.
काकांना हा मसुदा दाखवला. म्हणाले, आरतीवाल्याला तुम्ही सांगा, मी सांगणार नाही.

लोहामंडीकर
वॉचमनला आधी शिकवा. नाहीतर तो मागे उभा राहून मोबाइल बघत ‘आने दो आने दो’ म्हणेल.

माळवी_वकील
ठरावात ‘धून’ऐवजी ‘वाहनाबाहेर ऐकू जाणारे कोणतेही संगीत वा ध्वनिमुद्रित वाक्य’ असं लिहा. नाहीतर इंग्रजी बाई सुटेल. मालवाहू टेंपोंना वेगळं कलम ठेवा, त्यांचा भोंगा काढायला लावू नका.

मिलकामगाराचा_नातू
आरशाचा खर्च मेंटेनन्समधून की गाडीवाल्यांकडून? आमच्या मल्टीत याच मुद्द्यावर आरसा अजून डब्यात पडून आहे.

खटपट्या
अरे देवा. हा मुद्दा मीटिंगमध्ये कुणी काढू नका रे.

पोहे_जलेबी
त्यासाठी नवीन धागा काढा. मी शेव आणतो.